माझ्या हाताला कळतं

गंज आणि किस्से, दोन्हींचं दुखणं एकच. वेळच्या वेळी घासून काढले नाहीत तर थरावर थर चढत जातात. माझ्याकडे आता इतके साचलेत, की परवा बहिणीकडे जेवताना एक सांगायला घेतला आणि ताटातलं वरण निवलं तरी मी तिसऱ्यातच अडकले होते. शेवटी तीच म्हणाली, "तू हे लिहून का काढत नाहीस? म्हणजे आम्हाला गरम जेवता येईल."

तर आधी माझा धंदा सांगते, कारण तो कुणालाच कळत नाही. लोखंडाच्या टाक्या, मोठे पाइप, गर्डर असल्या वस्तू गंजू नयेत म्हणून त्यांना जो रंग देतात, तो देण्याआधी लोखंड नीट साफ झालंय का, हे मी तपासते. रंग नव्हे. रंगाच्या आधीचं! हवेच्या दाबाने पोलादाचे बारीक कण मारून लोखंडावरचा गंज, जुना रंग, सगळं उडवतात. याला ब्लास्टिंग म्हणतात. लोखंड उजळ राखाडी आणि खरखरीत झालं की मी पास करते. मग काही तासांत पहिला रंग, म्हणजे प्रायमर, चढायलाच हवा. नाहीतर उघडं पडलेलं लोखंड हवेतली ओल पिऊन पुन्हा गंजायला लागतं. आणि या मधल्या वेळात त्याला उघडा हात लावायचा नाही. घामात मीठ असतं. ते रंगाखाली अडकलं की काही महिन्यांनी पाणी ओढून घेतं आणि रंगाला फोड येतात.

एवढं साधं आहे. आणि एवढंच कुणी ऐकत नाही!

लग्नकार्यात कुणी विचारलं, "आपण काय करता?" तर मी हे सगळं शांतपणे सांगते. समोरचा माणूस मान डोलावतो, पूर्ण ऐकून घेतो आणि विचारतो, "मग आमच्या हॉलला कुठला शेड बरा दिसेल?"

मी हल्ली "क्रीम" म्हणून टाकते.

*

माझे बहुतेक किस्से एकाच यार्डातले आहेत. पुण्याजवळ, मांजरी गावाच्या पुढे, एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला नव्या सोसायट्यांचे टॉवर, यांच्या मधोमध हे यार्ड आहे. मालक जगताप. माणूस अतिशय प्रेमळ, फक्त घासण्यावर त्यांचा विश्वास नाही. ब्लास्टिंगचे फोरमन वानखेडे. हे मूळचे वर्ध्याचे, पुण्यात येऊन बरीच वर्षं झाली तरी बोली तिकडचीच. कामाला चोख आणि तोंडाने तिखट. स्वतःच्या कामाचा गर्व असा, की ब्लास्टिंग झालेल्या टाकीभोवती ते दोरी बांधून ठेवतात आणि दोरीजवळ स्वतः उभे राहतात.

या वानखेडेंची नोकरी एका टाकीपायी जायला आली होती. मुलगी बारावीला, बायकोची शिवणकामाची गिऱ्हाइकं सगळी मांजरीतली, आणि हे बॅग भरून बसले होते. तो किस्सा मी शेवटी सांगणार आहे. तो एकदा सांगितला की दुसरा सांगवतच नाही.

*

जगतापांपासून सुरुवात करते. मी यार्डात नवी होते तेव्हाची गोष्ट. एका टाकीवर कोपऱ्याकोपऱ्यातून गंज तसाच राहिला होता. मी म्हटलं, "हे पुन्हा मारावं लागेल."

"मॅडम, वरून तीन हात रंगाचे देतोय ना. आतलं कुणाला दिसतंय?"

"दोन वर्षांनी सगळ्यांना दिसेल."

"आता असं बघा," जगताप खुर्ची पुढे ओढून म्हणाले. "माझ्या लग्नातलं लोखंडी कपाट आहे घरी. त्याला कुणी ब्लास्टिंग केलं होतं? खरखरीतपणा मोजला होता? तरी इतकी वर्षं ठणठणीत उभं आहे!"

वानखेडे हेल्मेट पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "उभं हाये कारण भिंतीले टेकून हाये. मागच्या दिवाळीत मीच सरकवलं ना साहेब. मागची बाजू माह्या हातात आली!"

जगतापांनी यावर खरोखर विचार केला. मग मला म्हणाले, "ही टाकीसुद्धा भिंतीलाच टेकून राहणार आहे, मॅडम."

*

दमट हवेचं तर विचारूच नका. हवेत ओल जास्त असली की लोखंडाला डोळ्यांना न दिसणारा घाम सुटतो आणि त्यावर दिलेला रंग धरत नाही. म्हणून रंगाआधी मी यंत्राने हवा मोजते. एका सकाळी यंत्र म्हणालं, आत्ता नको.

जगतापांनी खिशातून मोबाईल काढला. "हे बघा, पुण्यात स्वच्छ ऊन आहे."

"ते शिवाजीनगरचं आहे. टाकी मांजरीत आहे."

"पुणं एकच आहे की!"

ओल कुठून येत होती ते शोधायला मी कुंपणापाशी गेले. पलीकडे तात्यांच्या उसाला पाणी चालू होतं. तात्या म्हणजे शेजारचे बागायतदार. बांधावर खुर्ची टाकून निवांत बसलेले असतात, आणि यार्डात काय चाललंय ते जगतापांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. मी विनंती केली, "तात्या, पाणी जरा दुपारनंतर सोडता का? आमच्या टाकीला रंग द्यायचाय."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, टाकीकडे बघितलं. "म्हंजी उसाला पाणी कवा द्यायचं, ते आता तुमच्या टाकीला इचारायचं व्हय?"

"तसं नाही हो. तासाभराचा प्रश्न आहे."

"लाईट आत्ता हाय," तात्या म्हणाले. "दुपारची नसती. तुमी असं करा मॅडम, लाईटवाल्यांना तुमच्या टाकीचं सांगा. त्यांनी ऐकलं तर आमाला काय, आमी रातीबी उठतो, दुपारीबी उठतो!"

आम्ही दुपारपर्यंत थांबलो. थांबण्याचा सगळा वेळ जगताप मला मोबाईलमधलं ऊन दाखवत होते.

*

दसऱ्याचा किस्सा आठवला की अजून माझं डोकं दुखतं.

दसऱ्याला यार्डात यंत्रांची पूजा असते. कॉम्प्रेसरला झेंडूचा हार, कण मारायच्या नोझलला कुंकू, सगळं यथासांग. माझी काही हरकत नाही. पण त्या वर्षी आदल्या दिवशी वानखेडेंनी एक मोठी टाकी मारून ठेवली होती. रात्री झाकून ठेवली, सकाळी परत एकदा हलका हात फिरवला. चांदीसारखी दिसत होती. मी पास केली आणि म्हटलं, लगेच प्रायमर घ्या. मी आत ऑफिसात पाणी प्यायला गेले. पाणी पिऊन बाहेर येते तर काय!

जगतापवहिनींनी टाकीवर पाची बोटांनी हळदीकुंकू लावलेलं. पुढे पेढ्याचा पुडा ठेवलेला. आणि जगताप टाकीच्या कडेवर नारळ फोडतायत!

"अहो वहिनी, हात! हात नका लावू!"

वहिनी दचकल्या. "अगं बाई, का? आंघोळ झालीये माझी."

"आंघोळीचं नाही हो. हातमोजे हवेत."

"देवाच्या कामाला हातमोजे?" वहिनींनी जगतापांकडे असं बघितलं, की या बाईला कुठून आणलंत! तेवढ्यात नारळाचं पाणी टाकीवरून ओघळत खाली आलं. मी डोळे मिटून घेतले.

दोरीपाशी वानखेडे हाताची घडी घालून उभे होते. मी विचारलं, "तुम्ही अडवलं का नाही?"

"मालकीणबाईले अडवू? पूजेले?" ते म्हणाले. "मॅडम, मले या यार्डात राह्यचं हाये."

दुपारपर्यंत ओघळावर तांबूस रेघ उमटली. आता ती बाजू पुन्हा मारायची, म्हणजे हळदीकुंकू उडवायचं. वहिनी ऐकेनात. "दसऱ्याला केलेली पूजा दसऱ्यालाच पुसायची? मी नाही पुसू देणार." जगताप दोघींच्या मध्ये. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. पत्र्याचा एक भंगार तुकडा आणला, त्याची साग्रसंगीत पूजा केली आणि वहिनींना सांगितलं की टाकीतला देव आता यात आलाय. वहिनींनी हात जोडले. आम्ही टाकी मारायला घेतली.

त्या पत्र्याला आता दर दसऱ्याला हार असतो. गंजून त्याची चाळण झाली आहे. मध्ये एक पाहुणे आले, त्यांनी मला विचारलं, "हा तुमच्या कामाचा नमुना का?"

*

आता देवधरसाहेब. जगतापांचं बहुतेक काम ज्या कंपनीकडून येतं, तिथले हे क्वालिटीचे मुख्य. सदाशिव पेठेत वाढलेले, तोलूनमापून बोलणारे, आणि अनुभव दांडगा. अनुभवाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार हाताबद्दल आहे.

साहेब आले की आधी चहा आणि खारी. जगतापांनी त्यांच्यासाठी खारीचा डबा वेगळा ठेवलेला असतो. खारी चहात बुडवायची, मोडायच्या आत अलगद तोंडात टाकायची, कपात एक कण पडू द्यायचा नाही, हे त्यांचं कसब बघण्यासारखं आहे. खारी संपल्याशिवाय साहेब टाकीकडे बघत नाहीत. खारी संपली की उठतात, मी दिलेले हातमोजे तसेच खिशात ठेवतात आणि ब्लास्टिंग झालेल्या लोखंडावरून सावकाश तळवा फिरवतात, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

खारी खाल्लेला तळवा! डालडा लागलेला!

"साहेब, हातमोजे," मी म्हणते.

"हातमोजे घालून नाडी बघतात का डॉक्टर?"

"खरखरीतपणा मोजायचं यंत्र आहे ना माझ्याकडे."

"राहू द्या ते. माझ्या हाताला कळतं."

साहेबांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट एक पेर कमी आहे. उमेदवारीच्या काळात लेथवर गेलं. ते बोट वर करून ते दरवेळी मला सांगतात, "ही माझी डिग्री, मॅडम. तुमच्यासारखी कॉलेजातली नाही. मशीनने दिलेली आहे."

साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली, की आम्ही ती सगळी जागा धुतो, पुसतो आणि तेवढा भाग पुन्हा मारतो. वानखेडे नोझल उचलता उचलता पुटपुटत असतात. "सायेब येऊन गेले का पुन्हा मारा. मंग पास काहून करून राह्यले जी ते?"

मी एकदा धीर करून जगतापांना म्हटलं, "तुम्ही त्यांना स्पष्ट सांगा ना."

जगताप म्हणाले, "सांगितलं मॅडम. आता खारीबरोबर पेपर नॅपकिन ठेवतो."

*

याच साहेबांच्या कंपनीचा नियम आहे, की ब्लास्टिंगच्या आधीचा फोटो हवा. एकदा जगताप तो काढायलाच विसरले. आठवण झाली तेव्हा टाकी चांदीसारखी लख्ख होऊन उन्हात उभी होती.

"आता कुठून आणणार गंजलेला फोटो?" मी म्हटलं. "चुकून राहिला म्हणून सरळ कळवा."

"गंज काय, सगळीकडे सारखाच असतो," जगताप म्हणाले आणि मोबाईल घेऊन कुंपणाकडे गेले. तात्यांच्या बांधावर एक जुनी टाकी कित्येक वर्षं पडून आहे. तिचा फोटो काढला आणि मला न विचारता पाठवून दिला. घाईत एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांचं उत्तर आलं. एकच ओळ. "फोटोत टाकीवर उभ्या असलेल्या शेळीचा कामाशी संबंध स्पष्ट करावा."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आता तरी खरं काय ते लिहा. जगतापांनी मान हलवली, बराच वेळ विचार केला आणि स्वतःच उत्तर टाइप केलं.

"शेळी ब्लास्टिंगपूर्वी हटवण्यात आली."

*

यार्डातून सुटून घरी गेले तरी सुटका नाही. मी वारज्याला राहते. आमच्या सोसायटीने जिन्याच्या रेलिंगला रंग द्यायचं ठरवलं. मीटिंगमध्ये मी हात वर करून म्हटलं, "आधी गंज घासून काढा. नाहीतर रंग पापुद्र्यांसकट गळून पडेल."

अध्यक्ष सानेकाका बँकेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अहो, तुम्ही बघता तो औद्योगिक गंज. हा आपला घरगुती आहे."

सगळ्यांना ते पटलं. माझ्या नवऱ्यालासुद्धा! घरी येऊन म्हणाला, "अगं, पण खरंच, फॅक्टरीसारखा नाही दिसत तो."

तर घरगुती गंजावर रंग चढला. सानेकाकांनी आपल्या सुवाच्य अक्षरात पाटी लिहून लावली. "रंग ओला आहे. खात्री करून घेऊ नये."

सकाळी बघते तर तळमजल्यापासून गच्चीपर्यंत रेलिंगभर बोटांचे ठसे. डॉक्टर, वकील, दोन प्राध्यापक आणि आयटीतली सगळी पोरं, कुणी म्हणजे कुणी सोडलं नव्हतं. संध्याकाळी जुन्या पाटीखाली नवी पाटी आली. "ज्यांची खात्री झाली आहे, त्यांनी बोटं भिंतीला पुसू नयेत."

माणसाला हात लावू नको म्हटलं की काय होतं, कोण जाणे. पण होतं खरं.

*

आता ती टाकी.

पिण्याच्या पाण्याची मोठी टाकी होती. देवधरसाहेबांच्या कंपनीसाठीच, त्यांच्या कारखान्यात बसवायची. आतून ब्लास्टिंग वानखेडेंनी स्वतः केलं होतं, कुणाला नोझल दिला नव्हता. मी आत जाऊन इंच न् इंच तपासली. इतकं सुरेख काम मी फार कमी वेळा बघितलंय, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. वानखेडे म्हणाले, "मंग? मी काय हजामत करून राह्यलो होतो का?" हा त्यांचा आनंद व्यक्त करण्याचा प्रकार.

मी पास करून दुसऱ्या शेडमध्ये पाइप बघायला गेले. वानखेडे जेवायला. मी परत आले तेव्हा रंगारी आत उतरून प्रायमर मारत होते. जगताप म्हणाले, देवधरसाहेब मध्येच येऊन गेले, चहा घेतला, आत एक नजर टाकून आले, खूश होते. मी म्हटलं, बरं झालं, नुसती नजरच टाकली.

टाकी गेली, बसली, पाण्याने भरली. काही महिन्यांनी सफाईसाठी रिकामी केली, आणि साहेबांचा मेल आला. आतल्या रंगाला फोड. सोबत फोटो. अगदी जवळून काढलेले, नुसते फोड आणि फोड, बघणाऱ्याला वाटावं की टाकीला कांजिण्या झाल्यात. खाली साहेबांनी लिहिलं होतं, की ब्लास्टिंग निष्काळजीपणे झालं आहे, आणि संबंधित फोरमन यापुढे आमच्या कुठल्याही कामावर नको.

जगतापांकडे त्यांच्याशिवाय काम होतं किती? म्हणजे त्या एका ओळीचा अर्थ, वानखेडे घरी.

जगताप दोन दिवस ऑफिसातून बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी वानखेडेच आत गेले. हेल्मेट टेबलावर ठेवलं. "तुमाले बोलता येऊन नाही राह्यलं, तर मीच बोलतो. जातो मी वर्ध्याले. पोरीची परीक्षा तेवढी होऊ द्या." आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "मॅडम, मले हाकलून द्या, माहं काही म्हणणं नाही. पण निष्काळजी? मले?" त्यांचा आवाज फुटला. तिखट माणसाचा आवाज फुटलेला ऐकवत नाही. मला साहेबांचा इतका राग आला, की मी तिथूनच त्यांना फोन लावला. म्हटलं, ती टाकी मी पास केली होती, माझी सही आहे. टाकी बघितल्याशिवाय मी हे मानणार नाही, आणि वानखेडेंना बरोबर घेऊन येणार.

"अवश्य या," साहेब म्हणाले. "डोळ्यांनी बघा म्हणजे पटेल."

आम्ही तिघं गेलो. गाडीत जगतापांच्या मांडीवर सवयीने खारीचा पुडा होता. साहेब टाकीपाशी उभेच होते. वानखेडेंच्या नमस्काराला त्यांनी नुसती मान हलवली.

टाकीला बाजूने माणूस आत जाईल एवढं झाकण आहे. आधी मी गेले. दिवा भिंतीजवळ धरला तर फोड होते, फोटोतल्यासारखेच. पण सगळीकडे नव्हते. बाकी भिंत काचेसारखी स्वच्छ, आणि छातीच्या उंचीला, थोड्या थोड्या अंतरावर, एकेक पुंजका. फोटो जवळून काढल्यामुळे मेलमध्ये हे कळत नव्हतं. मी दोन पावलं मागे सरकले आणि दिवा वर उचलला.

एक तळवा. त्याचा अंगठा. करंगळी, तिच्याशेजारचं, मधलं. आणि पहिलं बोट पेरभर आखूड.

पुढच्या पुंजक्यातही तेच. त्याच्या पुढच्यातही तेच. पार टोकापर्यंत.

मी बाहेर आले. दिवा वानखेडेंच्या हातात दिला. "तुम्ही बघून या."

वानखेडे आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. साहेब घड्याळ बघायला लागले. "काय मग मॅडम, पटलं?" मी म्हटलं, "सगळ्यांचं बघून होऊ दे." वानखेडे बाहेर आले. चेहरा अगदी कोरा. दिवा जगतापांपुढे धरला आणि म्हणाले, "मालक, तुमी पाहा जी."

जगताप वाकून आत शिरले. मग टाकीच्या पोटातून त्यांचा आवाज घुमत बाहेर आला. जगतापांनी आयुष्यात कुणाला टोमणा मारलेला मी ऐकलेला नाही, त्यामुळे त्यांनी हे भाबडेपणाने म्हटलं की कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

"साहेब! अहो, आत या ना! एकदा हात लावून बघा! तुमच्या हाताला कळतं!"

साहेब आत गेले. जगताप बाहेर आले. आम्ही तिघं कारखान्याच्या अंगणात एकमेकांकडे न बघता उभे राहिलो.

साहेब बाहेर आले तेव्हा त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात होता.

"मेलचं मी बघतो," ते टाकीकडे बघत म्हणाले. "वानखेडेंचं... ते मी मागे घेतो." एवढं बोलून ते कँटीनकडे चालायला लागले.

कँटीनमध्ये चहा आला. साहेबांनी कप डाव्या हाताने उचलला. वानखेडेंनी जगतापांच्या हातातला पुडा घेतला, सावकाश फोडला, खारी बशीत नीट मांडली आणि उठून बशी दोन्ही हातांनी साहेबांच्या पुढे धरली.

"घ्या ना जी, सायेब."

साहेबांनी बशीकडे बघितलं. डाव्या हातात कप होता. उजवा खिशात होता.

"नको," साहेब म्हणाले. "मी खारी खात नाही."